निंभोरखेड्याचे सहा ठोकळे

१

"महिनाभर पानीमा बुडेल दगडं म्हने," बेबाबाई हौदाच्या काठावर बसून हातातल्या खराट्याशीच बोलत होती. "शुक्रवारपाईन रोज पानी बदलू, रोज दुधना मायक धव्वं. मी काय आठे म्हशी दोहस का? अन आते चोरी बी मनाच डोकावर."

पुष्पाबाई फेगडे दारातच थांबल्या. माणूस स्वतःशी कुरकुरत असेल तर मध्ये तोंड घालू नये, हे त्यांना सव्वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. धुळ्याहून सकाळच्या एसटीने आल्या होत्या. पन्नाशी जवळ आलेली, पाठीला घाम, खांद्याला पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, डबा, मोजपट्टी आणि काल आलेल्या तक्रारीची प्रत. गुणनियंत्रण शाखेच्या त्या इंजिनिअर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची नोकरी. अशा माणसाला चहा सगळीकडे मिळतो, पण तो गार झाल्यावर.

जळगावच्या त्या उपविभागाची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची शेड. एका अंगाला हौद, दुसऱ्या अंगाला काँक्रीट दाबून फोडायचं यंत्र. हौदात काल सकाळपर्यंत सहा ठोकळे असायला हवे होते. ते नव्हते.

ठोकळे म्हणजे काही सोनं नव्हे. जिथे काँक्रीट ओततात तिथे त्याच दिवशी, त्याच मालातून सहा इंची साचे भरायचे. माल ओला असतानाच खिळ्याने वर गावाचं नाव नि तारीख कोरायची. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्रात घालून फोडायचे. किती वजनाला फुटला, त्यावरून बांधकाम किती खरं ते कळतं. हे सहा ठोकळे निंभोरखेड्याच्या पाण्याच्या टाकीचे होते. टाकी एक लाख लिटरची, म्हणजे डोक्यावर शंभर टन पाणी, सहा खांबांवर. आणि त्या खांबांना लागून गावची शाळा.

"कुलूप फोडलं का हो?" पुष्पाबाईंनी विचारलं.

बेबाबाई दचकली. "नही अक्का. कुलूप धडकं शे. शनवारे मी लाई गयथू, सोमवारे तसंच व्हतं."

"किल्ल्या किती?"

"तीन. एक नानाकडे, एक साहेबकडे, एक त्या पोऱ्याकडे. चुडामणकडे."

उपअभियंता शिंगारे साहेबांच्या खोलीत पंखा होता आणि तो फक्त साहेबांवर फिरत होता. माणूस कोल्हापूरकडचा, वर्षभरापूर्वी बदलून आलेला. बोलणं मऊ.

"मॅडम, तुम्हाला उगीच उन्हात यायला लावलं," ते म्हणाले. "चोर सापडल्यात जमा आहे. चुडामण पाटील, आमचा कनिष्ठ अभियंता. काम त्याच्या देखरेखीखालचं. ठोकळे नापास होणार हे त्याला ठाऊक, म्हणून रविवारी काढून नेले. मी कालच वर तक्रार पाठवली."

"कुणी पाहिलं त्याला?"

"किल्ली आहे त्याच्याकडे."

"किल्ली तुमच्याकडेही आहे, साहेब."

शिंगारे हसले. मग ड्रॉवरमधून त्यांनी टाइप केलेला कागद काढून पुढे सरकवला. वर लिहिलं होतं: चौकशी अहवाल. चुडामण दोषी असल्याचं त्यात आधीच सिद्ध झालेलं होतं. खाली एक मोकळी ओळ होती आणि तिच्याखाली पुष्पाबाईंचं नाव.

२

चुडामण असोद्याचा. सत्तावीस वर्षांचा, अंगाने काटकुळा. नोकरीला दोन वर्षं झाली होती, पण अजून कायम झालेला नव्हता. कचेरीमागच्या कडुनिंबाखाली तो मोटारसायकलला टेकून उभा होता. आत बसायला त्याला कुणी खुर्ची देत नव्हतं.

"मी नाही चोरले, मॅडम," तो म्हणाला. "ते फुटायलाच हवे होते मला. ते फुटल्याशिवाय माझं म्हणणं खरं कोण मानणार?"

"काय म्हणणं तुझं?"

"तीन मेला खांब ओतले. वाळू नाल्यातली, निम्मी माती. सिमेंट किती घातलं ते मिक्सरलाच माहीत. मी काम थांबवायला सांगितलं, तर मला दुपारी पाइपलाइनच्या सर्वेला पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी फळ्या काढल्या तर खांबाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं. मी जेवून येईस्तोवर त्याला प्लास्टर करून टाकलं."

"आणि ठोकळे?"

"सर्वेला जायच्या आधी मीच भरले. चार तारखेला मीच प्रयोगशाळेच्या नानांच्या हाती दिले. एकतीस मेला अठ्ठावीस दिवस भरत होते. मी विचारायला गेलो तर नाना म्हणाले, यंत्र बिघडलंय, पाच जूनला वरच्या अधिकाऱ्यांसमोरच फोडू. मध्ये शुक्रवारी साहेबांनी दाखला पुढे केला. म्हणे, काम माझ्या देखरेखीखाली व्यवस्थित झालं, असं लिहून दे."

"तू काय केलंस?"

"लिहून दिलं. व्यवस्थित झालेलं नाही, असं."

पुष्पाबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. या खात्यात नाही म्हणायच्या पुष्कळ रीती त्यांनी पाहिल्या होत्या. नेमका सहीचा दिवस आला की कुणाची कंबर धरायची, कुणाचा चुलता आजारी पडायचा, कुणी फाईल शेजारच्या टेबलावर सरकवून चहाला जायचं. या टाकीवर चुडामणच्या आधी नेमलेला इंजिनिअर तर कावीळ झाली म्हणून रजेवर गेला, तो परस्पर नाशिकला बदली घेऊन बरा झाला. पण सरळ कागदावर नाही लिहिणारा विरळा. ते त्याला कुणी शिकवलेलं नसावं.

"टाकी कधी भरणार आहेत?"

"शनिवारी. सोमवारी शाळा उघडते, त्याच्या आधी उद्घाटन. तुमचा अहवाल माझ्या नावावर गेला की झालं, मॅडम. माझी नोकरी जाईल, ती जाऊ दे म्हणत नाही मी, घरी आई आहे. पण चोर म्हणून गेलो, तर खांबांबद्दल मी बोललेलं सगळं चोराचं बोलणं होईल. आणि पाणी चढेल."

त्याच वेळी शिपाई धावत आला. धुळ्याहून फोन होता.

फोनवर पुष्पाबाईंचे मोठे साहेब होते. "फेगडेबाई, फार खोलात जाऊ नका. शिंगारेंनी मसुदा दिलाय ना? आज संध्याकाळपर्यंत सही करून टाका. यंदा तुमच्या बढतीचा कागद माझ्याच टेबलावर आहे."

"साहेब, आवाज नीट येत नाहीये," पुष्पाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

आवाज चांगला खणखणीत येत होता. फोनवरचा हात काढता काढता त्यांच्या लक्षात आलं की आपणही कंबर धरलीच.

३

जीवराम नाना प्रयोगशाळेचे प्रमुख. बत्तीस वर्षं तिथेच. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, बोलणं पुस्तकातल्यासारखं. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते.

"यंत्र बिघडलं होतं का, नाना?"

"किरकोळ बिघाड होता."

"दुरुस्त कुणी केलं?"

नानांनी चष्मा पुसायला घेतला. तो पुसून झाला, तरी पुसत राहिले. "आपोआप चालू झालं," ते म्हणाले.

पुष्पाबाई हौदाकडे गेल्या आणि बेबाबाईशेजारी काठावर टेकल्या. मघाची कुरकुर त्यांच्या कानात अजून होती.

"बेबाबाई, दुधासारखं पांढरं पाणी शुक्रवारपासूनच? त्याआधी?"

"आधी चांगलं व्हतं, अक्का. नितळ. गुरुवारे हौद रिकामा व्हता. शुक्रवारे नवा दगडं टाकात, तवपाईन धव्वं."

"नवे, हे तुला कसं कळलं?"

"मी दगडं रोज घासस. जुना दगडनं पानी नितळ ऱ्हास. नवा दगड पानी पांढरं करस. हाई काय शिकनं पडस?"

पुष्पाबाईंना डिप्लोमाला हेच दोन तास शिकवलं होतं. ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, आणि महिनाभर भिजलेला ठोकळा इतकं पाणी पांढरं करत नाही. म्हणजे चोरीला गेलेले ठोकळे चुडामणने मेमध्ये दिलेले नव्हतेच. ते चार दिवसांचे होते. याच शेडमध्ये, भरपूर सिमेंट घालून, पास होण्यासाठी केलेले.

आणि तरी कुणीतरी ते चोरले होते.

इथेच घोडं अडत होतं. ठोकळे खोटे होते तर ते फुटले असते आणि पास झाले असते. शिंगारे खूश, टाकी खूश, उद्घाटनाचे हार खूश. मग ते नाहीसे करून कुणाचं भलं झालं?

"चाचणीचा अर्ज दाखवा, नाना," त्या उठून म्हणाल्या.

मूळ अर्ज शिंगारेंच्या टेबलावर गेला होता. पण नाना जुन्या वळणाचे, कार्बन घालून प्रत ठेवल्याशिवाय कागद सोडायचे नाहीत. त्यांनी प्रत काढून दिली आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. शुक्रवार, दोन जून. निंभोरखेडे जलकुंभ, खांब. ओतकामाची तारीख: आठ मे. ठोकळ्यांवर कोरलेली तारीख: आठ मे.

पुष्पाबाईंनी पिशवीतून शिंगारेंच्या तक्रारीची प्रत काढली. सोमवार, पाच जून. चोरीस गेलेले ठोकळे, ओतकामाची तारीख: नऊ मे.

चुडामणच्या तोंडी तीन, अर्जात आठ, तक्रारीत नऊ. तीन खरी असणार. आठ कुठून आली तेही उघड होतं. पाच जूनपासून मागे अठ्ठावीस दिवस मोजले की नेमकी आठ मे. खोट्याला शोभेल असा चोख हिशेब. पण मग नऊ कशाला? अठ्ठावीस दिवस बरोबर जुळत असताना सत्तावीस करणारा इंजिनिअर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आठ मेमध्ये असं काय होतं, की शुक्रवारी ती चालली आणि सोमवारी चालेना?

४

चुडामणच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या निंभोरखेड्याला निघाल्या. दोन्ही बाजूंना केळीचे बाग. गरम वाऱ्याने फाटलेली पानं. आठ मे, आठ मे, असं त्यांच्या डोक्यात चाकाबरोबर फिरत होतं. ही तारीख आपण स्वतःच्या हाताने कुठेतरी लिहिली आहे, असं वाटत होतं. असोदा मागे पडलं आणि एकदम आठवलं. रजेचा अर्ज. 'दिनांक आठ मे, एक दिवस, घरगुती कारणास्तव.' लेक सासरहून आली होती. फैजपूरला घरी झोका बांधला होता.

"चुडामण," त्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "यंदा आखाजी कधी होती?"

"मेमध्ये, मॅडम. अक्षय्य तृतीया ना, अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी."

"तारीख विचारतेय मी."

गाडी हळू झाली. "तारीख कोण लक्षात ठेवतं आखाजीची?"

तेच तर. कचेरी तारखेवर चालते, सण तिथीवर. दोन्ही एकाच भिंतीवर टांगलेले असतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत.

टाकीखाली मजुरांचा मुकादम चिंधा विडी ओढत बसला होता. मजूर सगळे याच गावचे.

"चिंधा भाऊ, आखाजीच्या दिवशी खांब ओतले होते का?"

चिंधाने आधी चुडामणकडे पाहिलं, मग बाईंची कीव आल्यासारखं हसला. "आखाजीले आम्ही पत्ता कुटतस, अक्का. सिमिट नही कालवत. पोरी माहेरले येल ऱ्हातीस, पितरासनी घागर भरनी ऱ्हास. त्या दिन कोन्ही फावडा धरस का? खुद्द मिक्सरवाला मनासंगे पत्तासमा हरना."

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"साहेबले. शनवारे साहेब जीप लिसन उना व्हता. कामनी नवी डायरी लयना व्हता, त्यावर मना अंगठा पाहिजे व्हता. वाची दाखाडं, सोमवार, आठ मे, खांब ओतात. मी बोलनू, साहेब, त्या सोमवारे तं आखाजी व्हती. अंगठा कशा देऊ?"

"मग साहेब काय म्हणाले?"

"काहीच नही. डायरी उचली अन गया. चहा बी नही पिना."

पुष्पाबाई खांबाजवळ गेल्या. प्लास्टरचा एक पोपडा सुटला होता. त्यांनी मोजपट्टीचं टोक आत घालून हलकं खरवडलं. करड्या रंगाचा भुगा भुरभुर खाली पडला, थेट शाळेच्या ओट्यावर. ओट्यावर खडूने कुणीतरी ठिकरीचा खेळ आखून ठेवला होता.

"चल," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत टेलिफोन असेल तिथे थांब. मघाशी मला आवाज येत नव्हता, आता येईल."

पोस्टातून त्यांनी धुळ्याला फोन लावला. "साहेब, त्या मसुद्यावर मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. पलीकडून बढतीचं पुन्हा निघालं. "ऐकू आलं, साहेब. सगळं ऐकू आलं. तरी नाही."

५

चार वाजता शिंगारेंच्या खोलीत चौघे बसले. शिंगारे, नाना, चुडामण आणि पुष्पाबाई. चुडामणसाठी खुर्ची बाईंनी स्वतः ओढून आणली. पंखाही त्यांनीच मधोमध वळवला.

"साहेब, कागद बदलता येतो," त्यांनी सुरुवात केली. "अर्ज फाडता येतो, डायरी नवी लिहिता येते. पण ठोकळ्यावर खिळ्याने कोरलेली तारीख सुकल्यावर बदलत नाही. शुक्रवारी तुम्ही आठ मे ही तारीख दिलीत, कारण अठ्ठावीस दिवस जुळत होते. तुमच्या भागात अक्षय्य तृतीयेला माणूस कामावर जातो. इथे आखाजीला कुणी कामावर जात नाही. ते तुम्हाला शनिवारी चिंधाने सांगितलं. यंत्रापाशी सोमवारी वरचे अधिकारी येणार, त्यांच्यातला एक जरी खानदेशातला निघाला असता, तर ठोकळ्यावरची तारीख वाचून त्याने विचारलं असतं. तुम्ही कागदावर आठची नऊ केलीत. ठोकळ्यावर करता येईना, म्हणून ठोकळेच नेलेत."

"चुडामणनेही नेले असतील," शिंगारे म्हणाले. आवाज अजून मऊच होता.

"तो असोद्याचा आहे. त्याला ती तारीख दिसली असती, तर त्याने ठोकळे पाटावर बसवून पूजा केली असती. तुमची खोट दगडावर कोरून मिळालेली, ती कोण फेकून देईल? आणि तक्रारीत नऊ तारीख त्याने लिहिलेली नाही. ती तुम्ही लिहिलीत. चोरी कळली त्याच दिवशी."

शिंगारेंनी टेबलावरचा काचेचा गोळा उगीच इकडून तिकडे केला.

"गिरणेच्या पुलावरून टाकले," ते शेवटी म्हणाले. "मलाही फोन येतात, मॅडम. तुम्हाला एकच आला असेल. मला रोज चार येतात."

"येत असतील," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांना त्या माणसाची दयाही आली, पण ती त्यांनी पिशवीत ठेवली. मग त्या नानांकडे वळल्या. "नाना, तुम्ही तर अमळनेरचे. ठोकळे तुम्ही ओतलेत, तारीख तुमच्या हातची. आठ मे कोरताना तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं होतं," नाना म्हणाले.

"मग बोलला नाहीत?"

"साहेबांनी सांगितली ती तारीख कोरली. नाही म्हणायचं धाडस झालं नाही. वाटलं, दगड बोलेल माझ्या ऐवजी." त्यांनी चुडामणकडे पाहिलं नाही. "तो तुझ्यावर उलटेल, असं वाटलं नव्हतं रे."

आता शिंगारे सावरून बसले. "ठीक आहे. चुडामणचं नाव काढून टाकू. ठोकळे वाहतुकीत फुटले, असं दाखवू. याची नोकरी कायम करायची शिफारस मी आजच करतो. कुणाचंच नुकसान नको."

चुडामणचे ओठ हलले. घरी आई होती. पुष्पाबाईंनी त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही. हे त्याचं त्यानेच बोलायचं होतं.

"आणि शनिवारी?" चुडामणने विचारलं.

"शनिवारी फक्त अर्धी भरू."

"अर्धी म्हणजे पन्नास टन, साहेब."

"बरं, खांबांना आणखी एक प्लास्टर देऊ."

"प्लास्टरने काँक्रीट बदलत नाही."

"मग उद्घाटन पुढे ढकलू. पावसाळा जाऊ दे. नवीन ठोकळे घेऊ, नवीन समिती नेमू. शाळेला पाटी लावू, खाली उभं राहू नये म्हणून. बघू, निघेल काहीतरी मार्ग."

"खरे ठोकळे कुठे आहेत?" पुष्पाबाईंनी विचारलं. "तीन मेचे. गुरुवारी हौद रिकामा होता, म्हणजे त्याआधीच ते काढले. यंत्र बिघडलंच नव्हतं ना, नाना?"

नानांनी सदऱ्याच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. घामाने कडा मऊ झाल्या होत्या. एकतीस मे, सहा आकडे, खाली त्यांची बारीक नीटस सही. चौरस सेंटिमीटरला दोनशे किलो सोसायला हवेत, तिथे ब्याण्णव, सत्त्याऐंशी, नव्वद. पुढचे तीन वाचायची गरज नव्हती.

शिंगारेंनी कागदाकडे पाहिलं नाही. "आकडे आहेत, त्यांचा अर्थ तज्ज्ञ लावतील," ते म्हणाले. "आज घाईने काही बोलायला नको."

पुष्पाबाईंनी कागद पुन्हा नानांच्या पुढे ठेवला आणि त्यांच्याच खिशातलं पेन काढून त्याच्यावर आडवं ठेवलं. "अहवाल मी लिहीन, सहीही माझी असेल. पण हे आकडे तुम्ही काढलेत. यांचा अर्थ तुम्ही सांगा."

नानांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता टेबलावर ठेवला. बत्तीस वर्षं कचेरीत पुस्तकी मराठी बोललेला तो माणूस शिंगारेंकडे वळला आणि घरी बोलतात तसं, हळू, एकेक शब्द सुटा करून बोलला.

"टाकी पाडनीच पडी, साहेब."